सोलरच्या शेअर आणि ईटीएफमध्ये पैसे टाकायचेत? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

गेल्या दोन-तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त मेसेज आले ते सोलरबद्दल. कुणाच्या घरावर पॅनेल बसलं, कुणाच्या शेतात सौर पंप आला, कुणाच्या भावाने वारी या पॅनेल कंपनीच्या आयपीओत पैसे केले, आणि मग प्रश्न येतो की आता मी कशात टाकू. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. मी सेबी रजिस्टर्ड सल्लागार नाही, स्वतःचे पैसे लावून शिकलेला माणूस आहे, त्यामुळे इथे ज्या कंपन्यांची नावं येतील ती समजावण्यासाठी आहेत, घ्या किंवा विका म्हणून नाहीत.

१. सोलरमध्ये गुंतवणूक म्हणजे नक्की कशात करायची? सगळे पॅनेलच बनवतात ना?

नाही, आणि पहिली गडबड इथेच होते. सोलर हा एक धंदा नाही, चार-पाच वेगवेगळे धंदे आहेत आणि प्रत्येकात पैसा वेगळ्या कारणाने येतो आणि वेगळ्या कारणाने जातो.

एक म्हणजे माल बनवणारे. पॉलिसिलिकॉन (शुद्ध केलेलं सिलिकॉन), त्यातून वेफर (पातळ चकत्या), वेफरमधून सेल, सेल जोडून मॉड्यूल, ज्याला आपण पॅनेल म्हणतो. वारी, प्रीमियर एनर्जीज, विक्रम सोलर या यातल्या. पॅनेलवरची काच बनवणारी बोरोसिल रिन्यूएबल्सही इथेच. दुसरे ईपीसीवाले, म्हणजे दुसऱ्याचा प्रकल्प उभा करून देणारे, हे कॉन्ट्रॅक्टर असतात आणि बांधकाम कॉन्ट्रॅक्टरला जी डोकेदुखी असते तीच यांनाही असते, बिल वेळेवर निघत नाही. तिसरे वीज बनवून विकणारे, उदाहरणार्थ अदानी ग्रीन, एनटीपीसी ग्रीन, एक्मे सोलर. चौथे कर्ज देणारे, म्हणजे इरेडा. आणि सौर पंपवाले वेगळेच, शक्ती पंप्ससारखे, ज्यांचा बराच धंदा पीएम-कुसुम आणि आपल्याकडच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ अशा योजनांवर चालतो. शेतकरी १० टक्के भरतो (अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के), बाकी सरकारकडून, म्हणजे कंपनीचं येणं सरकारी तिजोरीत अडकलेलं असतं.

शेअर घेण्याआधी एवढं तरी विचारा की ही कंपनी या पाचातली कुठली. टाटा पॉवरसारख्या तर एकाच वेळी तीन ठिकाणी असतात, तिरुनेलवेलीला सेल-मॉड्यूलचा कारखाना, वर छतावरचं सोलर, वर मुंबईत वीज वितरण.

२. भारतात सोलर ईटीएफ आहे का? नाव सांगा फक्त.

ईटीएफ म्हणजे बऱ्याच कंपन्यांची टोपली असलेला, शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड. हे लिहीत असताना फक्त सोलर कंपन्यांचा असा ईटीएफ आपल्या एनएसई-बीएसईवर नाही. जे आहेत ते पॉवर, एनर्जी, पीएसयू या नावाचे आणि त्यात सोलर थोडंसंच असतं (प्रश्न ३ बघा). सोलर ईटीएफ म्हणून जो व्हिडिओत दाखवतात तो बहुतेक वेळा अमेरिकेतला असतो (प्रश्न ४).

३. मग सीपीएसई ईटीएफ किंवा एनर्जी फंड घेतला तर सोलर मिळेल ना?

मिळेल, पण चहात जेवढी वेलची तेवढंच. सीपीएसई ईटीएफमध्ये (केंद्र सरकारच्या कंपन्यांचा ईटीएफ) एनटीपीसी, पॉवर ग्रिड आहेत पण त्यांच्या शेजारी ओएनजीसी आणि कोल इंडिया बसलेत. निफ्टी एनर्जी इंडेक्समध्ये रिलायन्स आहे, तेल कंपन्या आहेत. म्हणजे सोलरचा विचार करून तुम्ही कोळसा आणि तेल विकत घेता. हे वाईट आहे असं नाही, डिव्हिडंड बरा असतो, पण आपण काय घेतलं हे माहीत असावं. फंडाच्या साइटवर दर महिन्याला फॅक्टशीट येते, पहिल्या दहा कंपन्या वाचायला दोन मिनिटं लागतात.

डीएसपीचा ग्लोबल क्लीन एनर्जीवाला फंड ऑफ फंड आहे, तो पैसे परदेशी फंडात टाकतो, पण तोही नुसता सोलर नाही, त्यात पवनऊर्जा, ग्रिडची उपकरणं, वीज वाचवणारी टेक्नॉलॉजी असं सगळं येतं.

४. टॅन काय प्रकार आहे आणि इथून घेता येतो का?

टॅन हे इन्व्हेस्को सोलर ईटीएफचं बाजारातलं छोटं नाव. २००८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. फर्स्ट सोलर, एन्फेज, नेक्स्टपॉवर (आधीचं नाव नेक्स्टट्रॅकर) अशा अमेरिकन कंपन्या, सोबत चिनी आणि युरोपियन. खर्च शंभर डॉलरमागे वर्षाला साधारण सत्तर सेंट, म्हणजे साध्या इंडेक्स ईटीएफपेक्षा बराच महाग. दुसरा आयक्लीन, म्हणजे आयशेअर्सचा ग्लोबल क्लीन एनर्जी, तो जास्त पसरलेला आहे.

इथून घेता येतो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. परदेशी शेअर देणाऱ्या ॲपवर खातं काढायचं, डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा) फॉर्म भरायचा, बँकेतून डॉलर पाठवायचे. वर्षात १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोपर्यंत पैसा अडकतो. आणि बँकेचे चार्जेस आधी विचारा कारण पाच-दहा हजार पाठवणाऱ्याला ते परवडतच नाहीत, एका मित्राने पहिल्यांदा दहा हजार पाठवले आणि बँकेची फी, जीएसटी, डॉलरच्या भावातला फरक मिळून इतके गेले की शेअर घ्यायच्या आधीच तो तोट्यात होता. टॅक्सचं प्रश्न ११ मध्ये.

५. चार्टवर दिसतं की टॅन एका वर्षात तिप्पट झाला होता. मग परत का नाही होणार?

२०२० मध्ये तो तिपटीहून जास्त झाला हे खरं. जानेवारी २०२१ मध्ये १२० डॉलरच्या वर गेला. आणि २०२४ संपताना तेहतीस डॉलरच्या आसपास होता. २०२१, २२, २३, २४, सलग चार वर्षं खाली. ज्याने वरच्या भावात शंभर डॉलर टाकले त्याचे तीसही राहिले नाहीत.

कारणं तीन, आणि तिन्ही समजून घ्या कारण ती परत येणारी आहेत. सोलर प्रकल्पात सगळा खर्च सुरुवातीला असतो, पैसे वीस-पंचवीस वर्षं हळूहळू येतात, म्हणून सगळं कर्जावर चालतं. २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर चढले आणि गणितच बिघडलं. दुसरं, कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून छतावरच्या सोलरची ग्रिडला दिलेली वीज खूप कमी भावात घ्यायला सुरुवात केली, तिथली मागणी कोसळली, एन्फेजसारख्यांना थेट फटका. तिसरं चीन, त्यावर पुढचं उत्तर.

२०२५ मध्ये टॅन परत वर आला, आणि तोही अशा वर्षात जेव्हा अमेरिकेने घरगुती सोलरची करसवलत डिसेंबर अखेर बंद करायचा कायदा केला. बातमी वाईट आणि भाव वर. म्हणून नुसत्या बातमीवर विकत घेऊ नका.

६. जगात सगळीकडे सोलर लागतंय, दरवर्षी रेकॉर्ड होतो, मग कंपन्यांचे शेअर का पडतात?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर पटलं तर बाकीचं पान नाही वाचलं तरी चालेल. सोलर वाढणं वेगळं आणि सोलर कंपनीच्या शेअरहोल्डरला पैसे मिळणं वेगळं.

सोलर का वाढलं? कारण स्वस्त झालं. आणि स्वस्त कोण करतं? तेच, ज्यांचा शेअर तुम्ही घेता. पॅनेल हा कांद्यासारखा माल आहे, माझं पॅनेल आणि तुझं पॅनेल यात गिऱ्हाईकाला फार फरक नाही, जो स्वस्त देईल त्याचं घेतात. पीक चांगलं आलं की लासलगावला भाव पडतो आणि जास्त पिकवणाराच रडतो, अगदी तसं. पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे, तिथे एकाच वेळी सगळ्यांनी कारखाने वाढवले, पॉलिसिलिकॉन २०२२ मध्ये किलोला तीस डॉलरच्या वर होतं ते दोन वर्षांत पाच-सहा डॉलरवर आलं, आणि २०२४ मध्ये लाँगीसारखी बलाढ्य कंपनी तोट्यात गेली. माल विक्रमी खपला त्याच वर्षी.

जुनी उदाहरणं बघा. सनटेक एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी पॅनेल कंपनी होती, २०१३ मध्ये तिचा चीनमधला मुख्य कारखाना दिवाळखोरीत. सनएडिसनने २०१५ मध्ये आंध्रातल्या कर्नूलचा प्रकल्प युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी जिंकला, तेव्हा तो विक्रमी स्वस्त होता, आणि एप्रिल २०१६ मध्ये कंपनीनेच दिवाळखोरी मागितली. अमेरिकेची सनपॉवरही ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीत. फर्स्ट सोलर टिकली पण २००८ मधला तीनशे डॉलरच्या वरचा भाव ज्याने दिला तो पंधरा वर्षांनंतरही त्या भावाची वाट बघत होता.

आणि या सगळ्या वर्षांत जगात लागणारं सोलर वाढतच होतं. फायदा झाला तो वीज वापरणाऱ्याचा. भारतात सौर विजेच्या युनिटचा भाव २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाला २ रुपये ४४ पैसे, २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. आपल्या सगळ्यांसाठी फार चांगली गोष्ट आहे ही, मला मनापासून आनंद होतो. फक्त शेअर घेताना आपण त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो.

७. पण भारतात तर चिनी माल बंद आहे ना? एएलएमएम म्हणतात ते काय?

बंद नाही, अडवलेला आहे. एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या मॉड्यूलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के ड्युटी लागली, नंतर रचना बदलली. एएलएमएम म्हणजे सरकारची मंजूर कंपन्यांची यादी, सरकारी प्रकल्पात आणि सबसिडीच्या कामात त्या यादीतलंच पॅनेल लावावं लागतं, आणि यादीत चिनी कारखाने नाहीत. म्हणून आपल्या कंपन्यांना नफा चांगला सुटतो.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ही भिंत सरकारने बांधलीय आणि सरकार ती हलवू शकतं, २०२३-२४ चं पूर्ण आर्थिक वर्ष ही अट थांबवून ठेवली होती, एप्रिल २०२४ ला परत आली. दुसरी, भिंतीच्या आतच गर्दी झालीय. ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतली मॉड्यूलची क्षमता १०० गिगावॅटच्या वर गेली. २०२४ च्या पूर्ण वर्षात देशात सोलर बसलं होतं पंचवीसेक गिगावॅट, थोडं जास्त धरलं तरी क्षमतेच्या निम्म्यावर जात नाही. उरलेला माल अमेरिकेला जायचा तर तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्के टॅरिफ आणि वर भारतीय पॅनेलची डंपिंगची चौकशी सुरू झाली.

म्हणून सेल कोण बनवतं ते बघा. जून २०२६ पासून सेलचीही वेगळी मंजूर यादी लागू करायचं सरकारने ठरवलं. नुसते बाहेरचे सेल आणून जोडणाऱ्या कंपनीला मग दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. वार्षिक अहवालात मॉड्यूलची क्षमता मोठ्या अक्षरात असते, सेलची शोधावी लागते. शोधा.

८. सोलरचा आयपीओ आला की डोळे झाकून भरू का? वारीत लोकांनी खूप कमावले.

वारी १५०३ ला दिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये २५०० ला उघडला. प्रीमियर ४५० चा ९९० ला. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक्मे सोलर २८९ ला दिला आणि २५१ ला उघडला, ते कुणाला आठवत नाही. एनटीपीसी ग्रीन १०८ चा १११ च्या आसपास, विक्रम सोलर ३३२ चा ३३८.

आयपीओत लागला तर ठीक, मोठी चूक होते ती लिस्टिंगच्या दिवशी वर घेताना. मीही एक शेअर असाच घेतला, दहा वाजता उघडला, सव्वादहाला मी आत, आणि पुढचं दीड वर्ष तो भाव परत दिसला नाही. कंपनी वाईट नव्हती, भाव वाईट होता.

९. सुझलॉन सोलरच आहे ना?

नाही, पवनचक्क्या. पुण्याची कंपनी म्हणून आपल्याकडे घराघरात आहे, पण सोलर नाही. २००८ मध्ये चारशेच्या वर होता तो २०२० मध्ये दोन-तीन रुपयांवर आला, कारण कर्ज. त्यातून सावरली, पण ती गोष्ट वेगळी.

१०. वीज विकणाऱ्या कंपन्यांचा २५ वर्षांचा करार असतो म्हणे, म्हणजे एफडीसारखंच सेफ ना?

करार असतो हे खरं, पीपीए म्हणतात त्याला, भाव ठरलेला. पण एफडीसारखं नाही, तीन ठिकाणी अडतं. वीज घेणारी सरकारी वितरण कंपनी असते आणि ती पैसे उशिरा देऊ शकते (२०२२ च्या लेट पेमेंटच्या नियमांनंतर हे बरंच सुधारलं). सरकार बदललं की करार उघडू शकतो, २०१९ मध्ये आंध्र सरकारने जुने भाव कमी करा म्हणून कंपन्यांच्या मागे लागून कोर्टकचेऱ्या केल्या. आणि आता नवीन, लाइनच नाही. राजस्थानात २०२५ मध्ये पॅनेल तयार, ऊन आहे, पण वीज वाहून न्यायला तारा कमी म्हणून दुपारी उत्पादन थांबवायला लावलं. शिवाय लिलाव जिंकून पण पीपीए सही न झालेले चाळीसेक गिगावॅटचे प्रकल्प देशात अडकले होते. म्हणून ‘पाइपलाइन इतकी गिगावॅट’ वाचलं की विचारा, यातलं चालू किती, सही किती आणि नुसतं कागदावर किती.

इरेडा या सगळ्यांना कर्ज देते, म्हणजे इथलं दुखणं तिकडे पोचतंच. ३२ रुपयांचा आयपीओ, जुलै २०२४ मध्ये तीनशेच्या वर, मार्च २०२५ मध्ये त्याच्या निम्म्याहून खाली.

कंपनीपेक्षा स्थिर उत्पन्न हवं असेल तर इंडिग्रिडसारखे इनविट (शेअरसारखी युनिटं विकणारे इन्फ्रास्ट्रक्चर ट्रस्ट) बघा, त्यात वीजवाहिन्या आणि काही सोलर प्रकल्प आहेत आणि तिमाहीला पैसे वाटतात, भाव मात्र व्याजदराप्रमाणे हलतो.

११. टॅक्स किती?

भारतीय शेअर आणि शेअरचे ईटीएफ: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर १२.५ टक्के, तेही वर्षातला सव्वा लाखाचा नफा सोडून.

परदेशी शेअर, ईटीएफ: २४ महिन्यांनंतर १२.५ टक्के, आधी विकलं तर तुमच्या स्लॅबने. अमेरिकन डिव्हिडंडवर तिथेच २५ टक्के कापतात, इथे त्याचं क्रेडिट मिळतं. आणि रिटर्नमध्ये शेड्युल एफए भरायलाच हवं, दहा डॉलरचा तुकडा असला तरी. बरेच जण हे विसरतात. मोठी रक्कम असेल तर आणखी एक, अमेरिकेत न राहणाऱ्या माणसाची तिथली मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर असेल तर मृत्यूनंतर तिथला वारसा कर लागू शकतो, म्हणून सीएशी बोला.

१२. परदेशी फंड चालू आहे पण ॲपवर पैसे घेत नाही, किंवा ईटीएफचा भाव जास्त दाखवतो. का?

म्युच्युअल फंडांना बाहेर पैसे न्यायला सगळ्यांनी मिळून ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरली की फंड नवीन पैसे थांबवतात. मग भारतात लिस्ट झालेल्या परदेशी ईटीएफच्या युनिटची टंचाई होते आणि लोक खऱ्या किमतीहून जास्त देऊन घेतात. घेण्याआधी आय-नॅव (युनिटची त्या क्षणाची खरी किंमत) बघा, बाजारभाव त्याच्या दोन-चार टक्के वर असेल तर थांबा, तो फरक एका दिवसात नाहीसा होऊ शकतो.

१३. प्रमोटर चांगला की नाही हे आपल्याला कसं कळणार?

पूर्ण कधीच कळत नाही, पण खुणा असतात. जेनसोल इंजिनिअरिंग सोलर ईपीसीमधून वर आलेली कंपनी. सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या आदेशात लिहिलंय की ईव्ही गाड्या घ्यायला इरेडा आणि पीएफसी या सरकारी कर्ज कंपन्यांकडून घेतलेल्या कर्जातले पैसे प्रमोटरांकडे वळले, महागडा फ्लॅट घेतला गेला. आणि आपल्या जवळची गोष्ट, एक्स्चेंजचा अधिकारी चाकणच्या कारखान्यात गेला तर तिथे उत्पादन काहीच नव्हतं, दोन-तीन कामगार होते. चाकण! पुण्यातल्या कुणीही गाडी काढून जाऊन बघितलं असतं.

त्याआधी २०१९ चा स्टर्लिंग अँड विल्सन सोलर, ७८० ला आयपीओ, आलेल्या पैशांतून प्रमोटर कंपनीचं देणं ९० दिवसांत फेडणार असं सांगितलं होतं, नोव्हेंबरमध्ये मुदत मागितली आणि शेअरला लोअर सर्किट (एका दिवसात पडायची मर्यादा) लागत गेले.

मी बघतो ते: प्रमोटरचे शेअर गहाण किती, ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपन्यांशी व्यवहार किती, आणि नफा दिसतो तेवढी रोकड येते का. कॅश फ्लो सलग तीन वर्षं उणे असेल तर मी पुढे वाचत नाही.

१४. एकूण पैशातले किती टाकावे? एसआयपी चालेल का?

माझं सांगतो, सोलर-पॉवर मिळून पाच टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. एसआयपी बऱ्याच कंपन्यांच्या फंडात चालते, एकाच सोलर शेअरमध्ये एसआयपी म्हणजे पडणाऱ्या भावात पैसे ओतत राहणं होऊ शकतं, सनपॉवरमध्ये एसआयपी केली असती तर हेच झालं असतं.

१५. शेअर घेऊ की घरावर सोलर बसवू?

स्वतःचं छत असेल आणि बिल येत असेल तर आधी छत. तीन किलोवॅटला साधारण पावणेदोन लाख धरा, पीएम सूर्यघरची ७८ हजार सबसिडी वजा केली की लाखाच्या आसपास. वर्षाला चार हजार युनिट, आठ रुपयांनी ३२ हजार वाचले. तीन-चार वर्षांत पैसे वसूल, आणि वाचलेल्या बिलावर टॅक्स नाही. पॅनेलचा भाव पडला तर इथे तुमचा फायदा, शेअरमध्ये तोटा. बिल महिन्याला पाचशे असेल किंवा समोर उंच बिल्डिंगची सावली असेल तर हे गणित बसत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे, मीटिंगमध्ये विषय काढा.

१६. मी अमेरिकेत आहे, आईबाबा नाशिकला. भारतातला एनर्जी फंड घेऊ का?

तुम्ही अमेरिकेत कर भरता तर भारतीय म्युच्युअल फंड आणि ईटीएफ तिथल्या पीफिक (परदेशी फंडांसाठीच्या कराच्या) नियमात येतात, दरवर्षी वेगळा फॉर्म आणि कराचा दर जबर. थेट शेअर सहसा यात येत नाहीत. टॅन तर तुम्हाला तिथल्या साध्या खात्यातून मिळतो, प्रश्न ४ मधली एलआरएसची भानगड तुम्हाला नाही. आईबाबांच्या नावाने आपले पैसे फिरवू नका. दुबईवाल्यांना पीफिकचा प्रश्न नाही, एनआरई-एनआरओ खात्यातून घेता येतं.

१७. एका ॲपवर सोलर पॅनेल भाड्याने घ्या, रोज ठरलेले पैसे मिळतील असं आहे. आमच्या गावात बऱ्याच जणांना मिळतायत. खरं का?

खोटं आहे. पॅनेल रात्री वीज बनवत नाही, पावसाळ्यात निम्मी बनवते, ते रोज ठरलेली रक्कम देऊच शकत नाही. सुरुवातीला मिळतात ते तुमच्यानंतर आलेल्या माणसाचे पैसे असतात. पैसे गेले असतील तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा, पहिल्या काही तासांत केला तर बँकेत रक्कम गोठवता येते. आणि ज्यांना तुम्ही जोडलंत त्यांनाही आजच फोन करा.